क्लीव्हलंड: वीस, एकवीस, बावीस…

पितृपक्षात नवीन वस्तू विकत घ्यायची नाही, या एका अटीवर आईने मला आणि बाबांना क्लीव्हलंडला बेसबॉल बघायला सोडलं. म्हणून बाबांच्या डोक्यावर माझी जुनी टोपी होती. गडद निळी, पुढे लाल ‘सी’, नऊ वर्षांच्या घामाने कडक झालेली. आई नातीजवळ माझ्या घरी, ओहायोतल्या कोलंबसलाच राहिली. तिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा बांधून दिला आणि दारातून विचारलं, “चार दिवस नुसता खेळ बघणार?”

“कसोटी समज,” बाबा म्हणाले.

बाबा निवृत्त गणिताचे शिक्षक. कराड तालुक्यातल्या क्रिकेट स्पर्धांचे पस्तीस वर्षं स्कोअरर. जूनमध्ये दोघं इकडे अमेरिकेत आल्यापासून मी त्यांना टीव्हीवर बेसबॉल दाखवायचा प्रयत्न करत होतो आणि ते नऊपैकी दुसऱ्याच इनिंगला घोरायला लागायचे. मग २०१७ च्या २४ ऑगस्टला, हरतालिकेच्या दिवशी, क्लीव्हलंड इंडियन्सने बोस्टनला हरवलं. दुसऱ्या दिवशी गणपती बसले आणि तिथून सलग तीन सामन्यांत कॅन्सस सिटीला एक धाव करता आली नाही. पुढे न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो असा अकरा सामन्यांचा दौरा होता. अकराच्या अकरा जिंकले. अनंत चतुर्दशीला सलग विजयांचा आकडा तेरा होता आणि बाबांचं घोरणं पूर्ण थांबलं होतं. ११ सप्टेंबरच्या सोमवारी रात्री एकोणीस झाले. माझ्याकडे तिकिटं होती शुक्रवारची. बाबाच म्हणाले, “शुक्रवारपर्यंत कोण थांबतंय?”

हंगाम १६२ सामन्यांचा असतो. जवळजवळ रोज सामना, सहा महिने. इतक्या लांबलचक हंगामात चांगला संघही साठेक वेळा हरतो, त्यामुळे सलग सात-आठ जिंकले तरी लोक खूश असतात. सलग विजयांची ही मालिका सुरू होण्याआधी आमचा हिशेब ६९ विजय आणि ५६ पराभव असा होता. बरा, पण नवस फेडावा असा नाही. त्यात अँड्र्यू मिलर, मायकेल ब्रँटली, जेसन किपनिस असे मोहरे जायबंदी. आणि तिथून हे सुरू झालं.

मंगळवार, १२ सप्टेंबर

कोलंबसहून हायवे ७१ ने सव्वादोन तास. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. बाबा सांगली-कराड रस्त्यावर असल्यासारखे पिकाची उंची बघत होते. फ्लोरिडात धुमाकूळ घातलेल्या इर्मा वादळाचं उरलंसुरलं आभाळ म्हणे इकडेच सरकलं होतं.

गाडी विमानतळाजवळच्या हॉटेलवर ठेवली आणि रेड लाइनने शहरात आलो. जाणार असाल तर हेच करा. सामन्याच्या दिवशी स्टेडियमजवळ पार्किंगला जे मागतात त्यात दोघांचं जेवण होतं, आणि ट्रेनचं तिकीट तेव्हा अडीच डॉलर होतं. विमानतळापर्यंत मेट्रोसारखी गाडी नेणारं उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं शहर, १९६८ मध्ये. टॉवर सिटीला उतरलं की बंदिस्त पुलावरून चालत थेट स्टेडियमच्या अंगाला निघता येतं, पाऊस असला तरी.

पायऱ्या चढताना बाबांनी विचारलं, “इंडियन्स का म्हणतात रे यांना?”

मी कोलंबसने केलेला घोळ सांगितला.

“म्हणजे चूक कोलंबसची, आणि तू राहतोस कोलंबसात,” ते म्हणाले. मग पुढच्या माणसाच्या शर्टावरचं लाल तोंडाचं, पीस खोवलेलं, दात काढून हसणारं चित्र बघून गप्प झाले. वाहू म्हणायचे त्याला. दर वर्षी पहिल्या घरच्या सामन्याला त्याविरुद्ध निदर्शनं व्हायची. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, “आपल्यातल्या कुणाचं असं तोंड काढून टोपीवर लावलं असतं तर?” मी ‘सी’वाली टोपी का घालतो, हे मला नऊ वर्षांत इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

आत शिरताच स्कोअरकार्ड विकणारा दिसला. जाड कागदाची घडी आणि बोटभर लांबीची पेन्सिल. मी आईची अट आठवून दिली. बाबा म्हणाले, “ही वस्तू नाही. स्टेशनरी आहे.”

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, बॅटिंग करणारा उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे. एकोणीस सलग विजय आणि तरी रांगाच्या रांगा रिकाम्या. मला वाईट वाटलं आणि समजलंही. या गावाने बेसबॉलचं शेवटचं विजेतेपद १९४८ मध्ये पाहिलंय. गेल्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सात सामन्यांच्या मालिकेत, आम्ही तीन-एक पुढे होतो. सातवा सामना याच मैदानावर झाला. आठव्या इनिंगला राजाय डेव्हिसने बरोबरी साधली, मग पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला आणि दहाव्या इनिंगला शिकागो कब्ज जिंकले, ८-७. तेव्हापासून इथली माणसं आनंदाला जरा लांबूनच नमस्कार करतात.

शेजारी लोरेन गावच्या एक आजी होत्या. पंचाहत्तरीच्या, एका कानात रेडिओची नळी, मांडीवर स्वतःची स्पायरल वही. बाबांनी कार्ड उघडलं तशा त्या वाकून बघायला लागल्या. दहा मिनिटांत शिकवणी सुरू. खेळाडूंना जागेप्रमाणे आकडे असतात: चेंडू टाकणारा पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस (बेस म्हणजे धाव पुरी करायला गाठायचे टप्पे) तीन, दुसरा चार, तिसरा पाच, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप सहा, मग बाहेरचे तिघे सात, आठ, नऊ. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून पहिल्यावर गेला, दोघे बाद, तर लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन चांगले चेंडू हुकवून, बाद झाला तर के. बॅट न फिरवता नुसता बघत बाद झाला तर के उलटा.

“उलटा का?” मी विचारलं.

“बघत राहिला म्हणून,” दोघंही एकदम म्हणाले. एक मराठीत, एक इंग्रजीत.

मी माझंही ज्ञान पाजळलं. बेसबॉलची धावसंख्या मांडायची ही पद्धत हेन्री चॅडविकने रुजवली. जन्माने इंग्रज, न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटचा वार्ताहर. के सुद्धा त्याचाच. बाबांनी हे ऐकून कार्डाकडे असं पाहिलं, जसं सोयरीक जुळल्यावर मुलाकडच्यांकडे बघतात.

डेट्रॉइटविरुद्धचा सामना म्हणाल तर पहिल्याच इनिंगला फ्रान्सिस्को लिंडोरने होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला आणि मग कोरी क्लूबरने पिचिंग केलं. एवढंच. क्लूबरला इथे क्लूबॉट म्हणायचे, कारण चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. पूर्ण नऊ इनिंग त्याने एकट्याने टाकल्या. आजकाल हे दुर्मिळ झालंय, सहा इनिंग झाल्या की पिचर बदलतात. डेट्रॉइटच्या रांगेत बाबा एकेक शून्य काढत होते, गोल गरगरीत, कराडच्या फळ्यावर काढायचे तसे. २-० ने संपला. २००२ मध्ये सलग वीस जिंकणाऱ्या ओकलंडशी बरोबरी झाली.

विसावा विजय. पण आख्ख्या संध्याकाळी आमच्या रांगेत कुणी तो आकडा उच्चारला नाही. आजींना मी विचारलं, आजचा धरून वीस ना? त्यांनी ओठांवर पेन्सिल ठेवली. सामना संपून दिवे मंद झाल्यावर बाबांनी कार्डाच्या कोपऱ्यात ‘२०’ लिहिलं. देवनागरीत.

बुधवार, १३ सप्टेंबर

दुपारी बाराचा सामना, म्हणून सकाळी लवकर पोहोचून बाहेरचे पुतळे पाहिले. बॉब फेलरचा पाय हवेत आहे. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्या झाल्या हा नौदलात भरती झाला होता. पण बाबा थांबले लॅरी डोबीपाशी. जुलै १९४७ मध्ये अमेरिकन लीगमध्ये (वरच्या पातळीच्या बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक) खेळलेला हा पहिला काळा खेळाडू, क्लीव्हलंडकडूनच. पहिल्या दिवशी काही सहकाऱ्यांनी त्याच्याशी हात मिळवला नव्हता.

“आपला बाळू,” बाबा म्हणाले. पळवणकर बाळू. पुण्यात हिंदूंच्या संघासाठी गोलंदाजी करणारा, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा, आणि चहाच्या वेळी पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळणारा. शाळेत दर वर्षी एक तास बाबा गणित बाजूला ठेवून हे शिकवायचे. “याचा पुतळा तरी आहे,” एवढं बोलून ते गेटकडे वळले.

जागांबद्दल एक सांगतो. दुपारचा सामना असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूची तिकिटं घ्या. सूर्य कलला की सावली आधी तिकडे येते. उजव्या हाताच्या गॅलरीत बसलात तर संध्याकाळपर्यंत पापड होतो.

पहिल्याच इनिंगला जे ब्रूसने तीन धावांचा होम रन मारला. हा ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून आलेला. हंगामाच्या मध्यात घरात आलेल्या जावयासारखा, आल्या आल्या कामाला लागला. तिसऱ्या इनिंगला मात्र अजब झालं. स्ट्राइकवरून वाद होऊन अंपायरने आधी डेट्रॉइटच्या कॅचरला बाहेर काढलं, मग मॅनेजरला. नवा कॅचर आला आणि थोड्याच वेळात एक वेगवान चेंडू त्याच्या हातमोज्याला चुकवून थेट अंपायरच्या खांद्यावर बसला. सगळं स्टेडियम एका आवाजात ‘ओऽह’.

बाबांचा हात थांबला. “याची खूण काय?”

आजी आज नव्हत्या. आसपास कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी समासात लिहिलं, ‘अंपायर, चेंडू लागला, शुद्धीवर’.

५-३. एकवीस. १९३५ मध्ये शिकागो कब्जने सलग एकवीस जिंकले होते, आज ती बरोबरी झाली. बाहेर पडताना मागच्या तरुणांचा वाद चालला होता की खरा विक्रम न्यूयॉर्क जायंट्सचा, १९१६ चा, सलग सव्वीस, पण मध्ये एक बरोबरीत सुटलेला सामना. बाबांना चघळायला विषय मिळाला. बरोबरीने मालिका तुटते का? ट्रेनमध्ये, हॉटेलच्या लिफ्टमध्ये, दात घासताना. त्यांचा निकाल असा: “हरले नाहीत हे खरं, पण सलग जिंकले हे खोटं. दोन वेगळे रकाने करावेत.”

मला त्या जुन्या आकड्यांतलं दुसरंच काही तरी टोचत होतं. १९१६ चे जायंट्स सव्वीस जिंकूनही शेवटी चौथे आले. १९३५ चे कब्ज वर्ल्ड सिरीज हरले. २००२ चं ओकलंड पहिल्याच फेरीत घरी गेलं. म्हणजे सप्टेंबरात असं जिंकणाऱ्यांना ऑक्टोबरात, शेवटच्या फेऱ्यांत, काहीच मिळालेलं नाही. हे बाबांना सांगितलं नाही. त्यांना नवा खेळ आवडायला लागला होता, कशाला.

गुरुवार, १४ सप्टेंबर

हॉटेलचं बुकिंग दोनच रात्रींचं होतं आणि काउंटरवर ‘वाढवून देतो’ म्हणालेला मुलगा सकाळी कुठे दिसेना. जागा नव्हती. बॅगा गाडीत टाकून दुसरं हॉटेल शोधण्यात अकरा वाजले. तुम्हाला सल्ला: संघ जिंकत असेल तर शेवटपर्यंतच्या खोल्या आधीच घ्या, पैसे वाया गेले तरी चालतील.

सामना संध्याकाळी सातनंतर. मधल्या वेळात स्टेडियमच्या मागून कायहोगा नदीवर जाणारा होप मेमोरियल पूल चालत ओलांडला. हीच ती नदी, जी १९६९ मध्ये तेलाच्या तवंगाने पेटली होती आणि देशभर चेष्टेचा विषय झाली. पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी खांबांत कोरलेले उंच पुरुष उभे आहेत. डोक्यावर पंखांचं शिरस्त्राण, हातात गाडी. कुणाच्या हातात घोडागाडी, कुणाच्या हातात ट्रक. ‘वाहतुकीचे रक्षक’ म्हणतात त्यांना. बाबा म्हणाले, “द्वारपाल आहेत. जय-विजय.” चौकातून फोटो नीट येत नाही, पुलाच्या पदपथावर थोडं पुढे जाऊन वळून काढा. एरी तळ्यावरून येणारा वारा टोपी उडवतो, धरून ठेवा.

संध्याकाळी गॅलऱ्या भरल्या होत्या. मंगळवारच्या रिकाम्या रांगांत आता आजोबांच्या जमान्याच्या जर्सी घातलेली कुटुंबं. आणि ढोल. टीव्हीवर तो नुसता मागे धपधप ऐकू यायचा, पण मैदानात तो छातीत वाजायचा. बाबा उठलेच. “चल, बघू कोण आहे.”

डाव्या गॅलरीच्या अगदी वरच्या रांगेत, मोठ्या स्कोअरबोर्डच्या खाली, जॉन अ‍ॅडम्स बसायचा. पांढरे केस, समोर भला मोठा ढोल. दोन तिकिटं काढायचा, एक स्वतःचं आणि एक ढोलाचं. १९७३ पासून वाजवत होता, आणि पहिल्यांदा वाजवला तो दिवस होता २४ ऑगस्ट. यंदाची मालिका सुरू झाली तीच तारीख. ऊठसूट वाजवायचा नाही. आपला संघ बॅटिंगला असेल आणि काही घडण्यासारखं असेल तरच. बाबा तिथे दहा मिनिटं उभे राहिले. विसर्जन होऊन नऊ दिवस झाले होते, इथे कोलंबसला मंडळाने स्पीकरवर भागवलं होतं. “ताशा हवा होता जोडीला,” ते म्हणाले, पण पाय हलत होता.

जागेवर आलो तर आजी हजर. बाबांनी दशमी पुढे केली. आजींनी चटणीचा एक घास घेतला, रुमाल डोळ्यांना लावला आणि दुसरा मागितला.

आणि मग तो सामना. कॅन्सस सिटी, ज्यांना ऑगस्टमध्ये तीन दिवस शून्यावर ठेवलं होतं, ते आता २-१ ने पुढे. सहा, सात, आठ, काही होईना. नववी इनिंग आली. समोर केल्विन हरेरा, त्यांचा शेवटच्या इनिंगचा हुकमी पिचर. पहिल्या बेसवर आमचा एक धावपटू, पण दोघे बाद. लिंडोर बॅटवर. एक स्ट्राइक. दुसरा स्ट्राइक.

ढोल वाजत होता. आजींनी वही मिटली आणि पेन्सिल कानावर ठेवली. माझ्या पोटात गेल्या नोव्हेंबरचा तोच पाऊस. बाबांची पेन्सिल मात्र चौकटीवर तयार, के लिहायला की आणखी काही लिहायला, कळत नव्हतं.

लिंडोरने चेंडू डावीकडे उंच मारला. अ‍ॅलेक्स गॉर्डन मागे धावत गेला, भिंतीपाशी उडी मारली, मोजा वर केला. मोज्याच्या वरून चेंडू भिंतीवर आदळला. पहिल्या बेसवरचा गडी मान खाली घालून पळत सुटला तो घरी, म्हणजे होम प्लेटला, पोचेपर्यंत. २-२. तीस हजार माणसं ओरडताना नेमका कसला आवाज होतो हे मी लिहू शकत नाही, पण पायाखालचं काँक्रीट हलतं एवढं सांगतो.

दहावी इनिंग. होझे रामिरेझ, ज्याचं हेल्मेट धावताना हमखास उडतं, त्याने मध्यात चेंडू मारला. साधा एका बेसचा फटका होता, पण हा पठ्ठ्या थांबलाच नाही, दुसऱ्या बेसवर पोट घासत पोचला. मग एन्कार्नासिओन. मग जे ब्रूस, उजवीकडे सणसणीत, आणि रामिरेझ घरी. ३-२. बावीस. सव्वीसच्या त्या वादातल्या मालिकेखाली ही सगळ्यात लांब, आणि अमेरिकन लीगमध्ये तर सगळ्यांच्या वर.

पुढची पाच मिनिटं बाबा कुणाच्या तरी मिठीत होते. दोनशे पौंडांचा, चेहरा रंगवलेला तो गडी त्यांना उचलत होता आणि बाबा “अरे अरे अरे” करत होते. सगळं शांत झाल्यावर ते बसले, कार्ड बघितलं आणि चेहरा पडला. एन्कार्नासिओनची चौकट कोरी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा नोंद सुटली होती. बरोबरी झाल्यावर पुन्हा उघडलेली वही आजींनी काही न बोलता त्यांच्यापुढे सरकवली. वॉक, म्हणजे चार वाईट चेंडू पडल्याने फुकट मिळालेला पहिला बेस. बाबांनी तो उतरवून घेतला आणि चौकटीखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘उसनी नोंद’.

शेवटच्या ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नव्हती, आणि कुणालाही बसायचं नव्हतं.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

सकाळी वेस्ट साइड मार्केट. १९१२ ची इमारत, उंच घड्याळाचा मनोरा, आत टाइल्सची कमान आणि खाली शंभरेक गाळे. मंगळवारी आणि गुरुवारी बंद असतं, बेत करताना लक्षात ठेवा. शाकाहारी माणसाने मांसाच्या गाळ्यांतून मान वळवून झपाझप पुढे जावं, टोकाला पोलिश बाया पिएरोगी विकतात. बटाटा आणि चीज भरून उकडायची, मग लोण्यात कांद्यावर परतायची. बाबांनी पहिली खाल्ली. “उकडीची करंजी आहे. कांदा घालून बिघडवलीय.” मग सहा खाल्ल्या. आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: दहाच्या आत गेलात तर बसायला बाकडं मिळतं.

याच बाजारात पेन्सिल हरवली. संध्याकाळी जागेवर बसल्यावर कळलं. मी माझं बॉलपेन दिलं. बाबांनी नवं कार्ड उघडलं आणि सामना सुरू व्हायच्या आधीच, वरच्या कोपऱ्यात, शाईने लिहिलं: ‘२३’.

“बाबा!”

“काय झालं?”

“आधी कशाला लिहिता? दृष्ट लागेल.”

“आकड्याला कसली दृष्ट? क्रमांक आहे तो. आज जिंकले तर तेविसावा, नाही तर तेविसावा प्रयत्न.” गणिताच्या माणसाशी वाद घालता येत नाही. माझं समाधान एकच होतं, आजींना देवनागरी वाचता येत नाही.

आम्ही आधी पुढे होतो. मग कॅन्सस सिटीने गाठलं. मग एक धाव पुढे गेले. कालच्यासारखंच होणार, सगळ्यांना वाटत होतं. सहाव्या इनिंगच्या आसपास आजींनी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “ही काय खूण आहे?”

बाबा खोटं बोलत नाहीत. “ट्वेंटी-थ्री,” ते म्हणाले.

आजी काही बोलल्या नाहीत. फक्त आमच्या दोघांमध्ये ठेवलेली त्यांची पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

नववीत काल घडलेलं आज घडलं नाही. शेवटचा गडी बाद झाला, ४-३. बावीस दिवसांत पहिल्यांदाच या मैदानात दुसऱ्या संघाचे लोक एकमेकांना टाळ्या देत होते. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लोक आता निघतील, जिन्यात गर्दी होईल, बाबांचे गुडघे, असे हिशेब मी करत होतो.

कुणी निघालं नाही. खालच्या रांगा उभ्या राहिल्या, मग मधल्या, मग आमच्या. टाळ्या वाढत गेल्या. ‘लेट्स गो ट्राइब’ (ट्राइब म्हणजे आमचाच संघ) सुरू झालं. खेळाडू ड्रेसिंग रूमकडे निघाले होते, ते परत बाहेर आले, गवताच्या कडेला उभे राहिले आणि टोप्या उंचावल्या. बावीस सामन्यांत १४२ धावा केल्या आणि फक्त ३७ दिल्या त्या पोरांनी. आजी दातांत पेन्सिल धरून टाळ्या वाजवत होत्या. मग पेन्सिल काढून बाबांना दिली. “उद्यासाठी,” म्हणाल्या. “शाई वापरू नका.”

मी बाबांना म्हटलं, तो आकडा खोडा तरी. “स्कोअरर खाडाखोड करत नाही,” ते म्हणाले आणि २३ च्या पुढे लिहिलं, ‘हरले, ३-४. सगळे उभे’.

बाहेर पडताना ते अचानक दुकानात शिरले. मंगळवारपासून तीनदा त्यावरून गेलो होतो आणि तिन्ही वेळा ते आईच्या अटीमुळे काचेबाहेरूनच बघत होते. आता सरळ टोप्यांच्या भिंतीपाशी गेले, ‘सी’वाली घेतली, डोक्याला लावून बघितली आणि पैसे दिले.

“पितृपक्ष,” मी म्हटलं.

“माहितीय.”

शनिवार आणि पुढे

सकाळी निघालो. मका, सोयाबीन, मका. मधे एका टपरीवजा दुकानात थांबून कॉफी घेतली, बाबांच्या डोक्यावरची जुनी टोपी बघून गल्ल्यावरच्या बाईने “काल वाईट झालं” म्हणून बाबांचं सांत्वन केलं. घरी कुणाचं काही झाल्यावर करतात तसं. संघाने त्या दिवशी पुन्हा जिंकायला सुरुवात केली. आता रोज संध्याकाळी बाबा रेडिओवर टॉम हॅमिल्टनची कॉमेंट्री लावतात, निम्मं कळत नाही, पण ६-४-३ ऐकलं की मान हलवतात. ऑक्टोबरचं मी त्यांना अजून बोललेलो नाही.

टोपी आईला गाडीतच दिसली. ती रागावली नाही. घरात आणायची नाही, एवढंच म्हणाली. त्यामुळे ती डिकीत राहिली, स्टेपनीजवळ, पिशवीत गुंडाळून, पावतीसकट. पाच दिवस. २१ तारखेला गुरुवारी घट बसले, आरती झाली, आई प्रसाद वाटत होती. बाबांनी एका हातात खडीसाखर घेतली, दुसऱ्या हाताने खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि गॅरेजकडे गेले.